सुरांची ठेव

१९४० सालचा मार्च महिना. पॅरिसमधील एका ध्वनिमुद्रणगृहात अठराव्या शतकातील इटालियन संगीतकार डोमेनिको स्कार्लात्ती याच्या रचनांचे मुद्रण चालले होते. वाद्यापुढे साठ वर्षांच्या, लहानखुऱ्या चणीच्या एक बाई बसल्या होत्या. वादन रंगात आलेले असताना बाहेर विमानवेधी तोफा धडधडू लागल्या. युरोपात युद्ध पेटून सहा महिने लोटले होते. बाईंची लय मात्र तसूभरही ढळली नाही. ते मुद्रण तसेच जतन झाले आहे. आजही 'डी मेजर'मधील तो सोनाटा ऐकताना तारांच्या रुणझुणीमागे तोफांचे दणके ऐकू येतात आणि त्या दणक्यांमधून आपली वाट शांतपणे चालणारी बोटेही ऐकू येतात.

त्या बाईंचे नाव वांडा लांडोव्स्का. शंभराहून अधिक वर्षे अडगळीत पडलेले हार्पसिकॉर्ड हे वाद्य त्यांनी पुन्हा मैफलीच्या मंचावर आणले आणि त्या एका वाद्यासाठी आपले सारे आयुष्य वेचले. या मुद्रणानंतर तीनच महिन्यांनी त्यांना घर सोडावे लागणार होते, आणि आयुष्यभर जमवलेले सर्व काही त्या घरातच राहणार होते. कलावंताची खरी मिळकत कोणती, या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्यांच्या जीवनाकडे पुन:पुन्हा वळावेसे वाटते.

विस्मरणात गेलेले वाद्य

आपल्याकडील रसिकाला हार्पसिकॉर्डची ओळख करून द्यायची, तर दोन परिचित वाद्ये मदतीला घ्यावी लागतील. संतूरच्या तारांवर काड्यांनी आघात करतात. सतारीच्या तारा नखीने छेडतात. पियानो हा संतूरच्या कुळातला. त्याची पट्टी दाबली की आतील नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आदळते. हार्पसिकॉर्ड सतारीच्या कुळातले. त्याची पट्टी दाबली की आतील एक उभी लाकडी चीप वर उचलली जाते आणि तिला बसवलेला पक्ष्याच्या पिसाच्या दांडीचा इवलासा तुकडा तार छेडून जातो.

या रचनेतच वाद्याचे सौंदर्य आहे आणि त्याची अडचणही. पट्टीवर बोट जोराने पडो वा हळुवार, आवाज जवळजवळ तेवढाच निघतो. पियानोवर बोटाच्या दाबाने आवाज लहानमोठा करता येतो, आपल्या पेटीवर हे काम भाता करतो; येथे या दोन्ही सोयी नाहीत. मोठ्या वाद्यांत पट्ट्यांच्या दोन रांगा आणि तारांचे निरनिराळे संच असतात. ते आळीपाळीने वापरून नादाचा रंग बदलता येतो. परंतु भाव व्यक्त करण्यासाठी वादकाच्या हाती मुख्यत: एकच साधन उरते, ते म्हणजे काळ. स्वर नेमका केव्हा लावायचा, किती वेळ धरायचा आणि कोणत्या क्षणी सोडायचा, यातच सारी कला सामावलेली असते.

सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपातील राजवाड्यांत आणि घरोघरी या वाद्याचा दिमाख होता. बाख, कूपराँ आणि स्कार्लात्ती यांनी पट्ट्यांच्या वाद्यांसाठी जे लिहिले, त्यातील फार मोठा भाग या वाद्याच्या नादाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला. इकडे १७०० सालच्या सुमारास फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने हातोडीचे वाद्य घडवले होते. शतक सरता सरता त्या पियानोने मैदान मारले. मैफली मोठ्या सभागृहांत होऊ लागल्या, तेथे हार्पसिकॉर्डचा नाजूक आवाज पोहोचेना. वाद्ये माळ्यावर गेली, काहींची मोडतोड झाली, काही संग्रहालयांत जाऊन बसली. बाखचे संगीत जिवंत राहिले, परंतु ते पियानोवर वाजू लागले. १८८९ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात प्लेयेल आणि एरार या पियानो बनवणाऱ्या कंपन्यांनी नव्याने घडवलेली हार्पसिकॉर्ड मांडली खरी. पण त्यांच्याकडे पाहण्याची लोकांची दृष्टी जुन्या काळच्या एखाद्या नवलाईच्या वस्तूकडे पाहावे तशीच होती.

वॉर्सा ते पॅरिस

वांडा यांचा जन्म ५ जुलै १८७९ रोजी पोलंडमधील वॉर्सा येथे झाला. वडील वकील, आई अनेक भाषा जाणणारी. कुटुंबाचे मूळ ज्यू, पण त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारलेला होता. चौथ्या वर्षापासून मुलीचा हात पियानोवर पडू लागला. पुढे वॉर्साच्या संगीतविद्यालयात यान क्लेचिन्स्की आणि अलेक्सांदर मिखाउओव्स्की या शोपँच्या संगीताच्या मर्मज्ञांकडे तिचे शिक्षण झाले. त्या दिवसांतली एक आठवण सांगितली जाते. छोट्या वांडाने बाख, मोझार्ट आदींच्या रचनांची एक कार्यक्रमपत्रिका लिहिली, ती पाकिटात बंद केली आणि मोठेपणी उघडण्यासाठी म्हणून जपून ठेवली.

बर्लिनमध्ये संगीतरचनेचा अभ्यास करून १९०० साली त्या पॅरिसला आल्या. लोकपरंपरांचे अभ्यासक आंरी ल्यू यांच्याशी त्यांचा विवाह झाला. जुन्या संगीताच्या शोधात पतीची त्यांना मोलाची साथ लाभली. ग्रंथालयांतील हस्तलिखिते, विस्मृतीत गेलेले वादनविषयक ग्रंथ, संग्रहालयांतील मुकी वाद्ये हे सारे दोघांनी पालथे घातले. पियानोवादक म्हणून वांडा यांचे नाव होऊ लागले होते. 'स्कोला कांतोरुम' या संस्थेत त्या पियानो शिकवीत होत्या. अशा वेळी, १९०३ साली, त्यांनी प्रथमच जाहीर कार्यक्रमात हार्पसिकॉर्ड वाजवले.

आज या निर्णयाचे धाडस सहज लक्षात येणार नाही. या वाद्याचा शिक्षक नव्हता, विद्यार्थी नव्हते, श्रोते नव्हते. बोटे कशी ठेवावीत हे सांगणारी जिवंत परंपराच तुटलेली होती. कूपराँने १७१६ साली या वाद्याच्या वादनकलेवर लिहिलेल्या पुस्तकासारखे ग्रंथ, हेच गुरू. चांगला चाललेला पियानो सोडून या टणटणणाऱ्या पेटाऱ्याच्या नादी का लागावे, हा प्रश्न शुभचिंतकांनाही पडत असे. वांडा यांनी त्याचे उत्तर दोन मार्गांनी दिले: वाजवून आणि लिहून. १९०९ साली जुन्या संगीतावरचे त्यांचे पुस्तक फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाले. वाद्य बरोबर घेऊन त्यांनी युरोपभर दौरे केले. रशियात यास्नाया पोल्याना येथे वृद्ध टॉलस्टॉय यांनाही त्यांनी आपले वादन ऐकवले. पुढे आफ्रिकेतील वैद्यकीय सेवेसाठी जगन्मान्य झालेले आल्बर्ट श्वाइट्झर हे बाखचे मोठे अभ्यासक. त्यांनी आपल्या बाखवरील ग्रंथात वांडा यांच्या हार्पसिकॉर्डवादनाचा मुक्तकंठाने गौरव केला.

मात्र नव्या काळच्या सभागृहात ऐकू जाईल असे वाद्य हवे होते. प्लेयेल कंपनीने त्यांच्या सूचनांनुसार एक भव्य हार्पसिकॉर्ड घडवले आणि १९१२ साली ब्रेस्लाऊ येथील बाख महोत्सवात ते प्रथम वाजले. त्याला पट्ट्यांच्या दोन रांगा, तारांचे संच बदलण्यासाठी पायाखाली सात पेडल आणि नेहमीपेक्षा एक सप्तक खाली वाजणारा तारांचा एक वेगळा संच होता. हेच वाद्य पुढे जन्मभर त्यांची ओळख बनले.

पहिला आघात

१९१३ साली बर्लिनच्या संगीतविद्यालयात खास त्यांच्यासाठी हार्पसिकॉर्डचा वर्ग सुरू झाला. जे वाद्य शिकवणारे कोणी नव्हते, ते शिकवण्यासाठी आता अधिकृत आसन निर्माण झाले होते. परंतु पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध भडकले आणि हे दांपत्य जर्मनीतच अडकले. परकीय नागरिक म्हणून त्यांच्यावर नजर होती. युद्ध संपले, सुटकेचा श्वास घ्यावा तोच १९१९ साली मोटार अपघातात आंरी ल्यू यांचे निधन झाले. चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या वांडा एकट्याच पॅरिसला परतल्या.

त्यांनी पुन्हा दौरे आरंभले. येथे या व्यवसायातील एक व्यावहारिक अडचण सांगितली पाहिजे. पियानोवादक रिकाम्या हाताने दुसऱ्या गावी जाऊ शकतो, कारण प्रत्येक सभागृहात पियानो असतोच. हार्पसिकॉर्डवादकाला आपले वाद्य बरोबर न्यावे लागते. हवेतील ओलावा बदलला की तारा उतरतात. प्रत्येक कार्यक्रमापूर्वी वाद्य लावण्यात वेळ जातो आणि तार छेडणारे तुकडे झिजले तर ते बदलून, तासून पुन्हा बसवावे लागतात. म्हणूनच १९२३ साली वांडा प्रथम अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्यांच्यासोबत चार हार्पसिकॉर्ड होती. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर, लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांच्या संचालनाखाली, अमेरिकन श्रोत्यांनी त्यांना प्रथम ऐकले.

सँ-ल्यूचे सोनेरी दिवस

१९२५ साली पॅरिसच्या उत्तरेस सँ-ल्यू-ला-फोरे या गावी त्यांनी घर घेतले आणि तेथे जुन्या संगीताची शाळा सुरू केली. दोन वर्षांनी घराच्या बागेत एक छोटे सभागृह उभे राहिले. त्याच्या उद्घाटनाला आल्फ्रेड कोर्तो यांच्यासारखे नामवंत पियानोवादक सहभागी झाले. देशोदेशीचे विद्यार्थी या गावात येऊन राहू लागले. उन्हाळ्यातील रविवारच्या मैफलींना पॅरिसहून रसिकांची रीघ लागे.

जुन्याचे पुनरुज्जीवन करणाऱ्या या कलावतीमुळे नवे संगीतही जन्माला आले, ही विशेष लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. स्पॅनिश संगीतकार मान्युएल दे फाया यांनी त्यांच्यासाठी हार्पसिकॉर्ड कॉन्चेर्तो लिहिला. १९२६ साली बार्सिलोना येथे त्याचे पहिले वादन वांडा यांनी केले. फ्रान्सिस पुलांक यांचा 'काँसेर शांपेत्र' १९२९ साली पॅरिसमध्ये त्यांनीच प्रथम सादर केला. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या मानल्या गेलेल्या वाद्यासाठी विसाव्या शतकातले संगीतकार लिहू लागले, याचाच अर्थ ते वाद्य संग्रहालयातून बाहेर आले होते.

आणि मग १४ मे १९३३ चा दिवस उजाडला. बाखच्या 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स' ही दोन रांगांच्या हार्पसिकॉर्डसाठी लिहिलेली, एक मूळ धून आणि तिच्यावरील तीस विस्तार अशी प्रदीर्घ रचना १७४१ साली प्रसिद्ध झाली होती. आधुनिक काळात ती संपूर्ण हार्पसिकॉर्डवर जाहीरपणे वाजवण्याचे धाडस कोणी केले नव्हते. सँ-ल्यूच्या त्या छोट्या सभागृहात वांडा यांनी ती आरंभापासून अखेरपर्यंत वाजवली. त्याच वर्षी त्यांनी तिचे ध्वनिमुद्रणही केले. पियानोवर वाजवताना दोन हातांची एकमेकांत होणारी गुंतागुंत दोन रांगांवर किती सहज उलगडते, हे जगाला त्या तबकड्यांनी ऐकवले.

रिकामे झालेले घर

जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या दिशेने येऊ लागल्या. वांडा या ज्यू कुळातल्या. थांबणे म्हणजे मरण. आपली शिष्या दनीझ रेस्तू हिच्यासह त्यांनी मोजक्या सामानानिशी घर सोडले आणि दक्षिण फ्रान्समधील बान्यूल्स या समुद्रकाठच्या गावी आसरा घेतला. १४ जूनला पॅरिस पडले.

मागे सँ-ल्यूच्या घरात काय नव्हते? अनेक दुर्मीळ वाद्ये, आयुष्यभर जमवलेली ग्रंथसंपदा, हस्तलिखिते, स्वत:च्या टिपणांच्या वह्या. मायोर्का बेटावरील वाल्देमोसा येथे १८३८-३९ च्या हिवाळ्यात शोपँने वापरलेला छोटा पियानोही त्यांनी मोठ्या जिद्दीने मिळवला होता. ज्यू कुटुंबांच्या कलासंपत्तीची लूट करण्यासाठी नाझींनी एक यंत्रणा उभी केली होती आणि तिच्यात संगीतासाठी स्वतंत्र विभाग होता. त्या विभागाच्या माणसांनी त्याच शरद ऋतूत हे घर रिकामे केले. वाद्ये आणि पुस्तके पेट्यांत भरून जर्मनीला रवाना झाली. युद्धानंतर काही वाद्यांचा माग लागला, परंतु तो संग्रह पुन्हा कधीच पूर्वीसारखा उभा राहिला नाही. त्या घरी वांडा पुन्हा राहायला गेल्या नाहीत.

बासष्टाव्या वर्षी नवा आरंभ

लिस्बनहून निघालेली बोट न्यूयॉर्कला लागली ती ७ डिसेंबर १९४१ रोजी. नेमका तोच दिवस पर्ल हार्बरवरील हल्ल्याचा. बंदरात गोंधळ, परदेशातून येणाऱ्यांकडे संशयाने पाहिले जाणारे वातावरण. वांडा आणि दनीझ यांना आधी एलिस बेटावर अडकून पडावे लागले. वय वर्षे बासष्ट. घर नाही, शाळा नाही, ग्रंथ नाहीत. आपल्याकडे ज्या वयात निवृत्तीनंतरची घडी बसलेली असते, त्या वयात त्यांना पहिल्या पायरीपासून सुरुवात करायची होती.

त्यानंतर जेमतेम अकरा आठवड्यांनी, २१ फेब्रुवारी १९४२ रोजी, न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमध्ये त्या मंचावर आल्या. कार्यक्रमात एकच रचना होती, 'गोल्डबर्ग व्हेरिएशन्स'. जी सँ-ल्यूच्या सभागृहात घुमली होती, तीच आता समुद्रापलीकडे घुमली. लुटारूंनी वह्या नेल्या होत्या. पण त्या वह्यांतून बोटांत आणि स्मरणात उतरलेले संगीत पेट्यांत भरून नेता येण्यासारखे नव्हते.

१९४९ साली कनेक्टिकट राज्यातील लेकव्हिल या शांत गावी त्या स्थायिक झाल्या. त्याच वर्षी, सत्तराव्या वर्षी, त्यांनी बाखच्या 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर'मधील अठ्ठेचाळीस प्रील्यूड आणि फ्यूग यांच्या ध्वनिमुद्रणाला हात घातला. हे काम १९५४ पर्यंत चालले. त्यातील बराच भाग त्यांच्या राहत्या घरीच मुद्रित झाला. त्याच वर्षी त्यांनी मंचाचा निरोप घेतला, मात्र शिष्यांना शिकवणे सोडले नाही. १६ ऑगस्ट १९५९ रोजी लेकव्हिल येथे, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

शिष्यांची वेगळी वाट

वांडा यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. त्यांच्या हयातीतच पुढची पिढी त्यांच्यापासून दूर जाऊ लागली होती. त्यांचे प्लेयेल हे मुळात विसाव्या शतकातले वाद्य होते. त्यात पुढे लोखंडी सांगाडा आला, तार छेडायला पिसाऐवजी चामड्याचे तुकडे होते. बाखच्या काळातील हलक्या, लाकडी, चटकन बोलणाऱ्या वाद्यांशी त्याचे नाते दूरचेच. १९४९ साली बोस्टनमध्ये फ्रँक हबर्ड आणि विल्यम डाउड या दोन तरुणांनी जुन्या वाद्यांची मापे घेऊन, जुन्या पद्धतीने हार्पसिकॉर्ड बनवायला प्रारंभ केला. जर्मनीत ब्रेमेन येथे मार्टिन स्कोव्रोनेक यांनी तोच मार्ग धरला. नेदरलँड्सचे गुस्ताव लिओनहार्ट हे या नव्या वाटेचे अध्वर्यू ठरले. १९५३ सालीच त्यांनी 'गोल्डबर्ग'चे मुद्रण केले होते. पुढे निकोलाऊस हार्नोनकोर्ट यांच्यासह बाखच्या धार्मिक कांटाटांचे मुद्रण त्यांनी १९७१ ते १९९० या प्रदीर्घ काळात पार पाडले. वांडा यांचा नाट्यमय आवेश त्यांच्या वादनात नव्हता. होती ती संयत, बोलण्याच्या लयीशी जवळीक साधणारी शैली. डिसेंबर २०११ मध्ये पॅरिसला त्यांनी अखेरची मैफल केली आणि जानेवारी २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

मग वांडा चुकल्या असे म्हणायचे काय? तसे म्हणता येणार नाही. जुने वाद्य कसे होते हा प्रश्न पडण्यासाठी आधी ते वाद्य ऐकावेसे वाटले पाहिजे. ती तहान त्यांनी निर्माण केली. त्यांच्याकडे काही काळ शिकलेले आणि नंतर स्वत:च्या वाटेने गेलेले अमेरिकन वादक राल्फ कर्कपॅट्रिक यांनी १९५३ साली स्कार्लात्तीच्या साडेपाचशेहून अधिक सोनाटांची क्रमवार सूची सिद्ध केली. प्रारंभी ज्या सोनाटाचा उल्लेख केला, तो आज जगभर ४९० या क्रमांकाने ओळखला जातो. हा क्रमांकही त्या सूचीतलाच. कोलंबियाचे राफाएल पुयाना यांच्यासारख्या अखेरच्या काळातील शिष्यांनी बाईंची शैली आणखी कितीतरी वर्षे जपली. आणि दनीझ रेस्तू? गुरूच्या लेखनाचे संकलन करून त्यांनी १९६४ साली ते पुस्तकरूपाने आणले आणि २००४ साली मृत्यू येईपर्यंत त्या लेकव्हिलच्या त्याच घरात राहिल्या.

बँकेच्या व्यवहारात 'ठेव' हा शब्द आपण दिवसातून कितीदा उच्चारतो. ठेव सुरक्षित राहावी, तिची वाढ व्हावी आणि योग्य वारसाच्या हाती ती पडावी, एवढीच ठेवीदाराची अपेक्षा असते. वांडा लांडोव्स्का यांनी दोन प्रकारची संपत्ती जमवली होती. एक घरात होती; ती गेली. दुसरी त्यांनी श्रोत्यांच्या कानांत, तबकड्यांच्या रेषांत आणि शिष्यांच्या बोटांत ठेवली होती. ती वाढत गेली, वारसांनी तिच्यात आपली भर घातली, प्रसंगी तिचे रूपही बदलले. आज जगातील अनेक संगीतविद्यालयांत हार्पसिकॉर्डचा वर्ग भरतो, तरुण मुलेमुली चाकूने पिसाचे तुकडे तासून तारा लावत बसतात. त्यांच्यापैकी कितीजण प्लेयेलवर वाजवतील कोण जाणे. पण बसलेले आहेत ते त्याच बाईंनी उघडलेल्या दारातून आत येऊन.

सवड मिळेल तेव्हा १९४० सालचे ते मुद्रण जरूर ऐकावे. तोफा आता थांबल्या आहेत. सोनाटा अजून चालू आहे.